इतिहास कृष्णाकाठचा, किंमत पौंडांत

इतिहास, चित्रकला आणि छायाचित्रण या विषयांवरील विद्वत्तापूर्ण ग्रंथांचा सध्या सुकाळ आहे. विद्यापीठांच्या प्रकाशन संस्था, महानगरांतील कलादालने आणि धनिकांचे खाजगी संग्रह यांच्याकडून जाडजूड, देखणे, गुळगुळीत कागदावर छापलेले ग्रंथ एकामागून एक बाहेर पडत आहेत. शेतकऱ्यांची बंडे, दलितांच्या चळवळी, गिरणी कामगारांचे संप, दुष्काळ, फाळणी, खेड्यापाड्यांतील माणसांची जुनी छायाचित्रे हे त्यांचे विषय. एके काळी इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढाच अर्थ होता. आता इतिहासकाराला कष्टकरी माणूस दिसू लागला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तिचे बरेचसे श्रेय डाव्या विचारांच्या संशोधकांच्या दोन-तीन पिढ्यांचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु आनंद मानण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. ज्या माणसाविषयी हे ग्रंथ लिहिले जातात त्या माणसाने ते वाचावेत, अशी कोणाची अपेक्षा तरी आहे काय? असल्यास कोणत्या भाषेत आणि कोणत्या किमतीला? आणि नसल्यास, शेतकऱ्याच्या बंडाचा इतिहास शेतकऱ्याला वगळून लिहिणाऱ्या विद्वत्तेला पुरोगामी का म्हणायचे?

हा प्रश्न कराडमधून विचारला जाण्यास कारण आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावात २४ ऑगस्ट १९४२ रोजी बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली कचेरीवर मोर्चा गेला. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे लोक कचेऱ्यांवर चालून गेले. वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गोळीबारात धारातीर्थी पडले. या मोर्चांच्या राखेतून सातारचे प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात या सरकारने जुन्या सातारा जिल्ह्याच्या शेकडो गावांत न्यायदान मंडळे चालवली, दारूबंदी केली आणि कमी खर्चात गांधी विवाह लावले. ७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातील शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. हा इतिहास पंतप्रतिनिधींच्या दप्तरातला नव्हे. तो बैलगाडीवाल्याचा, तालमीतल्या पोराचा, भूमिगतांना रात्री-बेरात्री भाकरी बांधून देणाऱ्या बाईचा इतिहास आहे.

या इतिहासाकडे विद्वानांनी पाठ फिरवली असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रतिसरकारावर गेल ऑम्वेट यांचा दीर्घ निबंध १९८८ साली ज्ञानेंद्र पांडे यांनी संपादित केलेल्या बेचाळीसवरील ग्रंथात आला. १९९० साली ए. बी. शिंदे यांचा याच विषयावरील स्वतंत्र ग्रंथ निघाला. शेजारच्या औंध संस्थानातील १९३९ च्या स्वराज्यप्रयोगावर इंदिरा रोदरमुंड यांचा ग्रंथ १९८३ साली आणि अप्पा पंतांचा १९८९ साली आला. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या महात्मा फुल्यांवर रोझलिंड ओहॅनलन यांचा ग्रंथ केंब्रिजने १९८५ साली काढला. ही संपदा लहान नाही, आणि तिच्यामागचे श्रम तर मुळीच लहान नाहीत. पण यांतले एकूणएक लेखन मुळात इंग्रजी आहे. असे ग्रंथ मराठीत आलेच तर उशिरा येतात, आणि तेही एखाद्या ध्येयवेड्या प्रकाशकाने पदरमोड केली म्हणून. ज्या भाषेत प्रतिसरकारचा कारभार चालला, साक्षी झाल्या आणि निकाल दिले गेले, त्या भाषेत त्याचा इतिहास येणे हा नियम नाही, अपवाद आहे.

ज्ञानाचे निःसारण

दादाभाई नौरोजींनी ब्रिटिश राज्यातील आर्थिक निःसारणाचा सिद्धांत मांडला तो प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासवर्गात ऐकलेला असतो. कापूस येथून जातो, कापड तेथून येते. कच्च्या मालाचा भाव ते ठरवतात, पक्क्या मालाचाही भाव तेच ठरवतात. वासाहतिक सत्ता जाऊन पाऊण शतक लोटले, पण ज्ञानाच्या बाजारात हा व्यवहार अद्याप मोडलेला नाही. येथे कच्चा माल म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, घरातल्या ट्रंकेत जपलेली पत्रे, भिंतीवरची पिवळी पडलेली छायाचित्रे, तमाशातली कवने आणि शाहिरांचे पोवाडे. तो फुकट मिळतो, वर चहाही मिळतो. त्यावर प्रक्रिया दूरच्या विद्यापीठांत होते. आणि पक्का माल परततो, परतलाच तर, अशा किमतीला की ज्याच्या घरातून तो गेला त्याने तो दुकानाच्या काचेतून पाहावा.

या व्यवहाराची मुळे जुनी आहेत. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातील लेण्यांचे वर्णन फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० सालच्या आपल्या ग्रंथात केले. १८८५ साली सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. लेण्यांची मोजमापे, जमिनीची प्रतवारी, जातींची वर्णने, बाजाराचे दिवस असे सारे त्यात काटेकोरपणे नोंदले गेले. ते कोणासाठी? जिल्ह्याचा सारा वसूल करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यासाठी. १८५७ च्या उठावानंतर सरकारने कॅमेराही याच कामाला लावला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत देशभरच्या माणसांची शेकडो छायाचित्रे आहेत. खाली बहुधा जातीचे नाव आहे, जमातीचे नाव आहे, स्वभावाचा शेराही आहे. माणसाचे नाव मात्र क्वचितच. सरकारला माणूस नको होता, नमुना हवा होता.

त्या काळी हे शास्त्र फक्त साहेबाच्याच हाती होते असेही नाही. १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. म्हणजे कॅमेरा या देशात आला तेव्हापासूनच येथील माणसाने तो हाताळला. प्रश्न यंत्र कोणाच्या हाती आहे एवढाच नसून, त्या यंत्राने काढलेले चित्र कोणाच्या मालकीचे होते आणि त्याखाली कोणाचे नाव लिहिले जाते, हा आहे.

आज दीडशे वर्षांनंतर एखादा महागडा चित्रग्रंथ उघडून पाहावा. छायाचित्रकाराचे नाव असते. संग्राहकाचे असते. ज्या प्रतिष्ठानाने पैसा दिला त्याचे ठळक अक्षरांत असते. छपाईचे तंत्र, कागदाची लांबी-रुंदी, लिलावाचा तपशील, सर्व काही असते. आणि चित्रातला माणूस? ‘शेतकरी, पश्चिम भारत.’ ‘पाणी भरणारी स्त्री.’ ‘अज्ञात मजूर.’ साम्राज्याचा सूर्य मावळला, पण छायाचित्राखालची ओळ बदलली नाही. फरक एवढाच की तेव्हाचे खंड राज्यकर्त्यासाठी होते, आजचे दिवाणखान्यासाठी आहेत.

किमतीचे राजकारण

विद्वान मंडळी यावर म्हणतील की किंमत ठरवणे त्यांच्या हाती नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच किंमत कोणाच्या हाती आहे हे पाहिले पाहिजे.

परदेशी विद्यापीठ-प्रकाशनाच्या पुठ्ठा बांधणीच्या ग्रंथाची किंमत शंभर पौंडांच्या घरात असणे आता नवलाचे राहिलेले नाही. शंभर पौंड म्हणजे दहा हजार रुपयांहून अधिक. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे रोजगार हमीवरील मजुराने आपल्या आजोबांच्या बंडाचा इतिहास विकत घ्यायचा तर एका ग्रंथासाठी चौतीस दिवस खडी फोडावी लागेल. कायद्याने त्याच्या कुटुंबाला त्या वर्षी शंभर दिवसांची हमी होती. तिचा तिसरा हिस्सा एका पुस्तकात गेला असता. हा हिशेब कोणाला अतिशयोक्त वाटेल, कारण मजूर असे ग्रंथ घेत नाही हे सर्वांनी गृहीतच धरले आहे. ते गृहीत धरणे हाच या व्यवहाराचा पाया आहे.

बरे, विकत घेता येत नसेल तर विद्यार्थ्याने चार पाने झेरॉक्स करून घ्यावीत, तर तेही या मंडळींना सोसले नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. दुकानदाराचा गुन्हा हा की अभ्यासक्रमातील उताऱ्यांचे संच तो विद्यार्थ्यांना स्वस्तात करून देत असे. शतकानुशतकांची परंपरा मिरवणाऱ्या संस्था एका झेरॉक्सवाल्याच्या मागे लागल्या. २०१६ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले, स्वामित्वहक्क हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे असे बजावले, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ग्रंथ हा नफ्याचा माल आहे की समाजाचा ठेवा, या प्रश्नावर प्रकाशकांची भूमिका काय आहे हे त्या खटल्याने उघड केले. विद्यार्थी-शिक्षक संघटित झाले म्हणून हा निकाल पदरात पडला, हेही विसरता कामा नये.

सरकारची भूमिका याहून निराळी नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या नियतकालिकांवर खर्च होणार. लाभ कोणाला? सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थी-प्राध्यापकांना. त्यांना तो जरूर मिळावा. पण तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला या योजनेत जागा नाही, आणि योजना नियतकालिकांपुरती आहे, ग्रंथांना ती शिवतही नाही. देशी करदात्याचा पैसा बहुतांशी परदेशी मक्तेदारांच्या तिजोरीत, आणि करदाता दाराबाहेर! याच सरकारने दुसऱ्या बाजूला काय केले ते पाहा. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही अशी बढाई मारली जाते. परंतु छपाईच्या कागदावर तो १२ टक्के होता आणि सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही. म्हणजे कर पुस्तकावर नाही, पण पुस्तकाच्या किमतीत आहे. मोठ्या प्रकाशकाला हे पेलते. हजार प्रतींची मराठी आवृत्ती काढणाऱ्याचे कंबरडे त्याने मोडते.

चळवळीची पत्रिका, श्रीमंतांचा संग्रह

या साऱ्यात चळवळीला सर्वांत अधिक बोचावी अशी एक कथा आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मिदनापूरच्या खेड्यांतून हिंडला. भुकेने मरणाऱ्या माणसांची रेखाचित्रे त्याने काढली आणि त्यांची पत्रिका कम्युनिस्ट पक्षाने ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने प्रसिद्ध केली. ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. त्याच दुष्काळात सुनील जाना यांनी काढलेली छायाचित्रे ‘पीपल्स वॉर’ या पक्षाच्या साप्ताहिकातून देशभर गेली. साप्ताहिक रस्त्यावर उभे राहून विकले जाई. चित्र पाहून लोक दुष्काळ निधीला मदत करत. ती चित्रे कला म्हणून नव्हे, हाक म्हणून छापली गेली होती.

पुढे काय झाले? चित्तप्रसाद यांची पत्रिका २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने आपल्या देखण्या ग्रंथसंचासोबत जशीच्या तशी पुन्हा छापली. जाना २०१२ साली अमेरिकेत वारले आणि त्यांच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डने काढला. कलादालनाने जतन केले हे चांगलेच केले. तसे झाले नसते तर कदाचित काहीच उरले नसते. पण जी चित्रे काही पैशांत कामगाराच्या हाती पडत होती ती आज लिलावगृहांच्या याद्यांत आहेत, आणि ज्या चळवळीने ती जन्माला घातली तिच्या कार्यकर्त्याने ती पाहिलेलीही नाहीत, याचा दोष केवळ बाजाराला देऊन कसे चालेल? जे चळवळीने जपले नाही ते बाजाराने उचलले. बाजाराचा तो धर्मच आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की विद्वत्तेला खर्च येतो, टीपा-संदर्भांचा जाडजूड ग्रंथ चहाच्या किमतीत देता येत नाही. याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केले व राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रसिद्ध केले. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या मंडळाचा पाया घातला तेच हे मंडळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली काढला. हे खंड विद्वानांना पुरले आणि सामान्य वाचकालाही परवडले. दर्जा आणि स्वस्ताई यांचे वैर नाही, हे सिद्ध झाले. वैर आहे ते स्वस्ताई आणि बेपर्वाई यांचे. आंबेडकरांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्तपत्रीय बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या खंडांसाठी वाचक रांगा लावतात ते छापून घेण्यासाठी न्यायालय लागावे, यासारखी नामुष्की दुसरी नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सर्व काही मोबाइलवर मिळते, ग्रंथाच्या किमतीची चर्चा जुनाट आहे. काही मिळते हे खरे. जुनी गॅझेटियर्स शासनाने संगणकावर खुली केली आहेत. पण जे मिळते ते बहुतेक स्वामित्वहक्क संपलेले, म्हणजे साहेबाने लिहिलेले. त्या इतिहासाला उत्तर देणारे नवे संशोधन कुलूपबंद, आणि वसाहतीचा दृष्टिकोन मात्र फुकट, अशी ही अजब लोकशाही आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण तोच सर्वांच्या मनात असतो: कष्टकऱ्याला इतिहासाच्या ग्रंथांची गरजच काय? त्याला पाणी हवे, भाव हवा, काम हवे. हा आक्षेप चळवळीतही ऐकू येतो म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. प्रतिसरकारचा वारसा आज कोण सांगत नाही? ज्यांनी सहकारी कारखाने आपल्या घराण्यांच्या जहागिरी केल्या तेही सांगतात, आणि ज्यांचा बेचाळीसच्या लढ्याशी सुतराम संबंध नव्हता त्यांचे वारसही सांगतात. चौकातल्या फलकावर क्रांतिसिंहांचे चित्र डाव्या कोपऱ्यात आणि इच्छुक उमेदवाराचे त्याच्या चौपट. नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले होते, हे त्या फलकावर कधी लिहिलेले असते काय? न्यायदान मंडळांनी सावकारांचे आणि गावगुंडांचे काय केले, हे लिहिलेले असते काय? ज्या समाजाच्या हाती आपल्या लढ्याचा पुरावा नाही, त्याचा लढा कोणीही आपल्या नावावर चढवून घेतो. सातबाऱ्याचा उतारा हाती नसलेल्या कुळाचे जे होते, तेच इतिहासाचा ग्रंथ हाती नसलेल्या वर्गाचे होते.

घरातला दोष

येथवर परक्यांचे दोष सांगितले. आता घरातले.

या भागात गुळगुळीत कागदावर बहुरंगी छपाई होतच नाही असे नाही. मुबलक होते. अध्यक्षांची षष्ट्यब्दी, अमृतमहोत्सव, कारखान्याचा रौप्यमहोत्सव, शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सव: प्रत्येक प्रसंगी एक गौरवग्रंथ निघतो. त्यात अध्यक्षांची बालपणापासूनची छायाचित्रे असतात आणि शुभेच्छा देणाऱ्यांचीही असतात. कारखान्याचा ऊस ज्याने तोडला त्याचे एकही नसते. पैसा सभासदांचा, स्तुती अध्यक्षांची. म्हणजे ग्रंथ काढायला पैसा नाही ही सबब खोटी आहे. पैसा आहे, कागद आहे, छापखाना आहे. प्राधान्य चुकले आहे.

गौरवग्रंथ काढणाऱ्यांना हसणाऱ्या डाव्या चळवळीने तरी काय केले? १९७६ साली गेल ऑम्वेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरील प्रबंध मुंबईच्या सायंटिफिक सोशालिस्ट एज्युकेशन ट्रस्टने ग्रंथरूपाने काढला. म्हणजे एके काळी चळवळीला जवळच्या संस्था जगन्मान्य संशोधन प्रसिद्ध करण्याची हिंमत बाळगून होत्या. ती परंपरा क्षीण का झाली? अनेक गावांत मोर्चे, परिषदा, सत्याग्रह यांची छायाचित्रे कार्यालयाच्या माळ्यावर, निवर्तलेल्या कार्यकर्त्याच्या कपाटात, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या खोक्यांत वाळवी खात पडलेली असतात. त्यांतल्या पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. मागच्या रांगेतल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचे नाव मात्र तिथेही ‘अज्ञात’. साहेबाने आणि संग्राहकाने जे केले तेच, केवळ आळसाने, चळवळही करत आली आहे.

आणि वेळ फार उरलेला नाही. गेल ऑम्वेट ऑगस्ट २०२१ मध्ये वारल्या. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या. तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. बेचाळीस प्रत्यक्ष पाहिलेली पिढी जवळजवळ संपली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, कोयनेच्या धरणाखाली गाव गेलेली माणसे आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहेत. छायाचित्रावर बोट ठेवून ‘ही आमची मावशी’ असे सांगणारे माणूस गेले की ते छायाचित्र कलेचा नमुना होते, इतिहासाचा पुरावा राहत नाही. ते कोणत्याही विद्यापीठाला नंतर दुरुस्त करता येणार नाही.

मार्ग आहे

निराश होण्याचे कारण नाही, कारण मार्ग दाखवणारे दाखवून गेले आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट संशोधनासाठी आल्या आणि कासेगावच्या होऊन राहिल्या. भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले, पाणी आणि धरणग्रस्तांच्या लढ्यांत त्या उतरल्या. त्यांच्या विद्वत्तेला त्यामुळे उणेपणा आला नाही, उलट तिला धार आली. २०१४ साली पी. साईनाथ यांनी सुरू केलेले ग्रामीण भारताचे संग्रहण मराठीसह अनेक भाषांत मोफत वाचता येते, आणि त्यातील छायाचित्राखाली माणसाचे नाव आणि गाव असते. शेणोलीची हकीकत आणि कॅप्टन लाडांचा चेहरा आज जगापुढे आहे तो या कामामुळे. औंधच्या डोंगरावरचे भवानी संग्रहालय पाहावे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभारले. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा ठेवा आहे आणि खटाव-माणचा शेतकरी यात्रेला आला की तो पाहून जातो. राजा सरंजामी होता खरा, पण कला मुंबईच्या दिवाणखान्यात नव्हे, दुष्काळी मुलखात ठेवावी एवढी दृष्टी त्याला होती. समाजवाद्यांची दृष्टी त्याहून आखूड असून चालणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक पैशातून झालेले महाराष्ट्राविषयीचे प्रत्येक संशोधन ठरावीक मुदतीत मराठीत आणि स्वस्त आवृत्तीत आले पाहिजे, ही अनुदानाची अट असली पाहिजे. पुस्तकांच्या छपाईचा कागद करमुक्त झाला पाहिजे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानात जिल्ह्याच्या इतिहासाचे ग्रंथ घेण्यासाठी वेगळी तरतूद हवी. छायाचित्रांचे संग्रह छापणाऱ्यांनी ज्या गावातील चित्र असेल त्या गावाच्या शाळेला आणि वाचनालयाला प्रत दिली पाहिजे.

पण मागण्यांच्या आधी काम आहे, आणि त्याला कोणाच्या अनुदानाची गरज नाही. कराड, पाटण, वाळवा, खानापूर, तासगाव, खटाव या तालुक्यांतील प्रत्येक शाखेने माळ्यावरची खोकी खाली काढावीत. प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने साल, ठिकाण आणि नावे लिहावीत. प्रथम बायकांची, मग मागच्या रांगेतल्यांची. पुढाऱ्यांची शेवटी लिहिली तरी चालतील. वृद्धांकडे ती चित्रे न्यावीत, ते सांगतील ते उतरवून घ्यावे, एक प्रत गावाच्या वाचनालयात ठेवावी. संशोधक आला तर त्याला ती जरूर द्यावी, पण अट घालून: नाव छापायचे, आणि पुस्तक परत आणायचे.

प्रतिसरकारच्या कारभाराची हकीकत सांगताना रेल्वेगाड्या आणि पत्री यांचीच चर्चा होते. एक गोष्ट मागे पडते. डोक्यावर बक्षिसे लागलेली असताना, रात्री एका गावात आणि पहाटे दुसऱ्या गावात काढणाऱ्या त्या माणसांनी गावोगाव वाचनालये काढली होती. ज्यांना उद्या जिवंत राहू की नाही याची शाश्वती नव्हती त्यांना पुस्तकाची गरज कळली होती. ज्यांना सगळी शाश्वती आहे त्यांना ती कळू नये?